झोपाळ्याखालची फरशी

मालगुजारी जाऊन तीन वर्षे झाली होती, तरी गोंडपिपरीजवळच्या त्या गावात गुणवंतरावांना सगळे अजून मालगुजारच म्हणत. नातीसाठी त्यांनी परसात सागाच्या खांबांचा झोपाळा उभारला आणि खाली फरशी घालायची ठरवली. मातीवर झोपाळा कोणीही बांधतो. फरशीवरचा त्यांनी नागपूरला एका साहेबाच्या बंगल्यात पाहिला होता. त्यावर साहेबाची म्हातारी आई बसून पेंगत असे, हा तपशील त्यांना महत्त्वाचा वाटला नाही.

चांद्याहून तीन बैलबंड्या भरून निळसर, गुळगुळीत दगड आला. पाहायला येणारी माणसे वहाणा काढून उभी राहत.

सून कमळा नागपूरला बी. एस्सी. झालेली होती. तिची चार वर्षांची भागी उभ्याने झोके घेई. झोका टोकाला गेला की तिचे डोके फरशीपासून सात फूट वर जाई. कमळाने बांबू उभा करून ते मोजले. धानाच्या गिरणीमागे तुसाचे ढीग पडून असतात, ते खाली पसरावे, असे तिने सासूमार्फत सुचवले. उत्तरही सासूमार्फतच आले. तूस गुरांच्या कोठ्यात शोभते. शिवाय जमीन कठीण असली की पोरांची हाडे कठीण होतात.

सासऱ्याशी वाद घालायची रीत नव्हती. कवठे टाकायला मात्र कोणी मनाई केली नव्हती. तिने टोपलीभर तूस मागवून एका कोपऱ्यात ओतले आणि शिडीवर चढून सात फुटांवरून त्यात एक कवठ सोडले. ते रुतून बसले. फरशीवर सोडलेले फुटले. एकाने काही सिद्ध होत नाही, म्हणून दोन्हीकडे आणखी पाच-पाच टाकली.

आवाज ऐकून गुणवंतराव बाहेर आले. "सूनबाई, हे का करून राह्यली?"

"तुसावर एकही फुटलं नाई, मामाजी," कमळा पदर सारखा करत म्हणाली. "फरशीवर साही फुटले. भागीचं डोकं याहून नाजूक हाय."

"कवठ ते कवठ. आमच्या घराण्याचं डोस्कं पक्कं असते."

यावर कमळाने हरकत घेतली नाही.

गडी देवाजीने फरशी धुतली. जिथे जिथे आंबट गर सांडला होता, तिथे दगडाची चकाकी गेली होती. सहा पांढुरके डाग. गुणवंतराव बराच वेळ वाकून पाहत राहिले. पोरे झोक्यावर बसून काय काय खातात, ते त्यांनी विचारले.

"चिंचा," कमळा म्हणाली. "चिंचेचाही डाग पडते, मामाजी."

"मंग तूस टाका. वीतभर."

"वीतभरातून आंबट खाली उतरते. दोन वीत लागन."

शास्त्र शिकलेल्या सुनेचा शब्द त्यांनी पहिल्यांदाच मानला. संध्याकाळपर्यंत दोन वीत तूस पसरले गेले.

आठव्या दिवशी भागी भर झोक्यातून सुटली आणि तोंडघशी पडली. कमळा धावली. तिच्या आधी गुणवंतराव पोहोचले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी तूस उपसत खाली दगडापर्यंत गेले. हात फिरवून त्यांनी फरशी नीट तपासली.

"काई नाई झालं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले.

भागीच्या केसांतले तूस वेचत कमळा म्हणाली, "हो मामाजी. काईच नाई झालं."