पांढऱ्या टोपणांच्या नळ्या

सर कुणाचं ऐकतील तर शपथ. हृदयाच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा त्यांनी "आधी एन्झाइम, मग मी" म्हणून ती धुडकावली. त्यांचं एन्झाइम एनएडीपीएच या महागड्या जोडीदाराशिवाय कामच करत नसे. त्याला स्वस्त एनएडीएचवर चालवायचं, हा त्यांचा हट्ट. जोडीदार बसतो त्या खोबणीतली अमिनो आम्लं त्यांची शेवटची विद्यार्थिनी सहा वर्षं एकेक करून बदलत होती, आणि एन्झाइम नाक मुरडत होतं. मागच्या महिन्यात ते एकदम वठणीवर आलं. सर ऑपरेशनला तयार झाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने, केवळ तक्ता पुरा दिसावा म्हणून, मूळचं, न बदललेलं एन्झाइम स्वस्त जोडीदाराबरोबर लावलं. मूळचं स्वस्तावर चालत नाही, म्हणून आलेखाची रेघ सपाट यायला हवी होती; एन्झाइम काम करू लागलं तरच ती उतरते. ती झरझर खाली उतरली.

तिने फ्रीझर उघडला. महागड्याला पिवळं टोपण, स्वस्ताला पांढरं, अशी तिथली रीत. महिन्यापूर्वी पिवळी टोपणं संपली होती, आणि तेव्हाच सरांनी हौसेने स्वतः बसून नव्या नळ्या भरल्या होत्या. सगळ्यांना, महागड्याच्या नळ्यांनाही, पांढरी टोपणं. दोन्ही भुकट्या दिसायला सारख्या, यंत्रालाही त्यांच्यातला फरक कळत नाही. तिने स्वस्ताची सीलबंद बाटली फोडून त्याबरोबर बदललेलं एन्झाइम लावलं. ते ढिम्म हललं नाही. सहा वर्षं पाण्यात गेली होती.

दवाखान्यात सर उशीला टेकून बसले होते.

"मूळचं लावून पाहिलंस का गं? नळ्या मी भरल्यात, आणि माझ्या डोळ्यांचा काही भरवसा नाही."

"पाहिलं, सर."

"मग?"

पलंगाशी उभ्या काकू तिच्याकडे बघत होत्या. नवऱ्याला इथवर आणायला त्यांना वर्ष लागलं होतं.

"सपाट आली," ती म्हणाली.

"लिहिलंस?"

तिने वही उघडून त्यांच्यासमोर लिहिलं. सरांनी खाली सही केली. "चला, आता उद्याचं काही वाटत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. सर ऑपरेशनच्या टेबलावरच गेले होते.

चौथ्या दिवशी ती वही घेऊन बसली. सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: चुकलेलं गिरगटायचं नाही, वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, बाजूला सही करायची. आणि दुसऱ्याच्या सहीला हात लावायचा नाही, ज्याची त्यानेच खोडायची. तिने 'सपाट'वर रेघ मारली. नळ्यांत काय होतं, त्या कुणी भरल्या, आपण खोटं का बोललो, सगळं खाली लिहिलं. तिला स्वतःची शरम वाटत होती. बाजूला तिने सही केली.

सरांची सही त्या खोट्याखाली तशीच राहिली. ती खोडायचा हक्क फक्त त्यांना होता.