एकसष्टावी हातोडी

मित्रांनो, माझ्या पोटात एकशे बत्तीस हातोड्या आहेत आणि त्यांतली एकही आता हलत नाही. मी एक जुना लाइन प्रिंटर आहे. गोंदियातल्या एका संगणक केंद्राच्या मागच्या खोलीत मी बारा वर्षं छपाई केली. आता फार थकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

१९९९ साली गोंदिया हा नवा जिल्हा झाला, त्याच वर्षी नागपूरच्या एका कचेरीतून मला इथे आणलं. तेव्हाही मी नवा नव्हतो. चार माणसांनी मला ट्रकमधून उतरवलं आणि श्यामलाल मिस्त्रींनी माझी जोडणी केली.

माझं काम सांगायला सोपं, करायला अवघड. पोलादाच्या एका पट्ट्यावर सगळी अक्षरं कोरलेली असत. तो पट्टा माझ्या अंगात गरगर फिरायचा. त्याच्यासमोर शाईची फीत, मग कागद आणि कागदामागे हातोड्यांची रांग, ओळीतल्या प्रत्येक जागेला एक. हवं ते अक्षर समोर आलं की त्या जागेच्या हातोडीनं नेमका ठोका मारायचा आणि लगेच मागे सरायचं. पट्टा कुणासाठी थांबत नसे. ठोका जरा उशिरा पडला तर अक्षर फाटायचं, हळू पडला तर फिकट उमटायचं. एका मिनिटात मी सहाशे ओळी छापत असे. माझा आवाज इतका मोठा की शेजारच्या खोलीत लोक ओरडून बोलत.

मला चालवायच्या अल्काबाई. त्या कानांनी माझी तब्येत ओळखायच्या. पहिल्या निवडणुकीच्या मतदार याद्या आम्ही दोघांनी दोन दिवसांत छापल्या. त्या दसऱ्याला केंद्राच्या साहेबांनी मला झेंडूचा हार घातला. तेवढंच माझं कौतुक.

आमच्या खिडकीबाहेर राइस मिल होती. धानाचा बारीक कोंडा उडून आत येई, तेलावर बसे आणि हातोड्यांच्या फटींत घट्ट होई. २००४ च्या उन्हाळ्यात माझी एकसष्टावी हातोडी जड झाली. मला कळत होतं, पण सांगणार कसं? अल्काबाईंनी मात्र आवाज ओळखला.

"साहेब, मशीनचा आवाज बदलून राहिला. श्यामलालभाऊले बोलवा."

साहेबांनी वरची प्रत पाहिली. "अक्षरं दिसतात ना? मग चालू द्या. याद्या पाठवायच्या आहेत."

त्या याद्या शाळेतल्या मुलांच्या रक्ततपासणीच्या होत्या. आपल्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे, त्याच्या. नावापुढे इंग्रजीत 'एएस' छापलं तर मूल फक्त वाहक, सहसा त्रास नाही. 'एसएस' छापलं तर आजार, मग औषध आणि थंडी-पाण्यापासून जपणूक. कार्बन लावून मी एका वेळी तीन प्रती काढत असे. पहिली जिल्ह्यासाठी आमच्या केंद्रातच राही, दुसरी तालुक्याला, तिसरी गावाला. त्या दोन अक्षरांतलं पहिलं अक्षर एकसष्टाव्या जागी येत होतं. वरच्या प्रतीवर ते फिकट उमटलं. तिसऱ्या प्रतीपर्यंत माझा ठोका पोचलाच नाही. तिथे नुसता एक 'एस' राहिला.

केशोरी गावच्या नर्सबाईंना तो एकटा 'एस' दिसला. यादीतली बहुतेक मुलं वाहकच असतात, म्हणून त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं. सातवीतली रेणू त्यांतलीच एक.

श्रावणात एक माणूस आमच्या खोलीत आला. भिजलेला, हातात घडी घातलेला कागद. तो रेणूचा बाप, उदाराम. पोरगी गोंदियाच्या दवाखान्यात होती. हातापायांची हाडं फुटतील अशा कळा येत होत्या. डॉक्टरांनी यादी कुठे छापली ते विचारलं होतं, म्हणून तो शोधत आला. त्यानं कागद अल्काबाईंपुढे धरला.

"बाई, हे अक्षर काऊन नाही उमटलं? नर्सबाईनं सांगतलं, काही होत नाही. मी पोरीले धानाच्या रोवणीले नेलो. तीन दिवस थंड्या पाण्यात उभी होती ते."

अल्काबाईंनी कपाटातून केंद्रात ठेवलेली वरची प्रत काढली. रेणूच्या नावापुढे 'एसएस' होतं, फिकट, पण वाचता येईल असं. त्या खुर्चीवर बसल्या.

"दादा, मीही वरचीच प्रत पाहत होते," त्या म्हणाल्या. "खालची पाहिली नाही."

कागदाची परत घडी घालून उदाराम दवाखान्यात गेला. मित्रांनो, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

अल्काबाईंनी उठून माझं बटण बंद केलं. साहेब धावत आले. "तीन कचेऱ्यांची छपाई अडली आहे!"

"अडू द्या. हातोडी दुरुस्त झाल्याशिवाय मी हात लावत नाही. तुम्हाला चालवायचं तर चालवा, पण प्रत तपासली म्हणून माझी सही मिळणार नाही."

श्यामलाल मिस्त्री आले. त्यांनी मला उघडलं आणि कोंड्याचा काळा थर बोटावर घेऊन साहेबांना दाखवला. "मशीन की गलती नहीं है, साहब. इसकी सफाई कब हुई थी?" दोन दिवस लावून मिस्त्रींनी प्रत्येक हातोडी पुसली, एकसष्टावीची स्प्रिंग बदलली.

तेवढ्या दोन दिवसांत अल्काबाई वरच्या प्रती घेऊन एसटीनं गावोगाव फिरल्या. केशोरीला नर्सबाईंसोबत बसून त्यांनी प्रत्येक राहिलेलं अक्षर लाल शाईनं भरलं. चिचगडकडच्या याद्यांत तशीच आणखी दोन मुलं सापडली. त्यांना दुखणं येण्याआधी औषध मिळालं.

रेणू महिनाभरानं घरी गेली. पुढे ती बारावीपर्यंत शिकली, असं अल्काबाई कुणाला तरी सांगत होत्या. पण पावसाळ्यात कळा अजूनही येतात, असंही म्हणत होत्या. ते ऐकलं की मला माझा तो हलका ठोका आठवतो.

२०११ मध्ये लेझर प्रिंटर आला. तो कुजबुजल्यासारखा छापतो. अल्काबाईंची बदली झाली आणि मला जिन्याखाली ढकललं. माझ्यावर फुटक्या खुर्च्या ठेवल्या आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. पट्टा थांबला, हेच बरं वाटतं.

एवढंच मागतो, मित्रांनो. यंत्राचा आवाज बदलला की त्याला थांबवा, पुसा, तेल द्या. काम थोडा वेळ अडेल, अडू द्या. आणि तुम्ही काही छापलंत, तर अगदी खालची प्रत उजेडात धरून वाचा. तीसुद्धा कुणीतरी खरी मानून घरी घेऊन जाणार असतं.