कोरी सोंगटी

पांढऱ्या शर्टावर लाल ठिपका दिसला तेव्हा कुठे पाओ-चूला कळलं की सुई बोटात गेली आहे.

तिने बोट तोंडात घातलं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. शर्ट शाळेचा होता, गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार होतं. ती डाग धुवायला उठली तेवढ्यात फोन वाजला.

"तिघी आहोत, चौथी नाही. येतेस का?" चिन-फंगने हालहवाल विचारण्याच्या भानगडीत न पडता थेट मुद्द्याला हात घातला.

"हुई-मिन कुठे गेली?"

"तैचुंगला. नातू महिन्याचा झाला, त्याचं जेवण आहे. ये ना गं, आ-हाओ ताई येऊन बसल्यात, माझं डोकं खातायत."

पाओ-चू म्हणाली, "बघते, जमलं तर." आणि फोन ठेवून चपला शोधायला लागली. जमलं तर कसलं! वर्ष होत आलं, बुधवारची दुपार आली की तिचा जीव बाजाराच्या या बोळात रमत नसे. लोकांच्या पँटी आखूड करण्याचं तिचं दुकान, म्हणजे एक शिवणयंत्र, एक स्टूल आणि वर टांगलेले हँगर. बुधवारी दुपारी ते बंद व्हायचं आणि ती चिन-फंगच्या माडीवर माजाँग, हा सोंगट्यांचा खेळ, खेळायला जायची. नवरा बोटीवर असतानाही जायची, नवरा वारल्यावरही जात राहिली. मुलगा व्हँकुव्हरला गेला त्या आठवड्यातसुद्धा तिने बुधवार चुकवला नव्हता. मग स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो लागली, आणि चौथ्या खुर्चीवर दातांच्या डॉक्टरची बायको हुई-मिन येऊन बसली. खेळाला चार माणसं लागतात, तीन जणींनी वाट तरी किती बघायची? पाओ-चूला ते पटलं होतं. पटलं म्हणून सलायचं थोडंच राहतं.

आता तिच्याच जागेवर बदली म्हणून तिला बोलावणं आलं होतं. तरी ती निघाली.

चिन-फंगचं उदबत्त्या आणि पूजेच्या कागदांचं दुकान खाली, घर वर. जिना अरुंद. पाओ-चू कठड्याला धरून, पाय कुठे पडतोय ते बघत बघत चढली, कारण तळव्यांनाही आताशा पायरी लागायची नाही. जाड मोजे घालून चालल्यासारखं वाटायचं.

"आली बाई आली!" चिन-फंगने दारातच तिला गाठलं. "आणि हे केस काय गं? मेंढीसारखे! पार्लरला किती घातलेस?"

"फुकट आलेत. हॉस्पिटलकडून भेट."

सगळ्या हसल्या. लि-युन तिची जुनी शेजारीण. ती म्हणाली, "अंगावर मूठभर मांस चढलंय हो. ठणठणीत दिसतेस." आ-हाओ ताई पंचाहत्तरीच्या, सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "बस. दुपार चालली."

पाओ-चू आपल्या जुन्या खुर्चीत बसली. खुर्चीवर नवी उशी होती, हुई-मिनने आणलेली असावी. तिने ती काढून बाजूला ठेवली, मग बरं दिसणार नाही म्हणून परत घेतली.

सोंगट्या टेबलावर ओतल्या गेल्या, आठ हातांनी घुसळल्या गेल्या, त्यांच्या भिंती रचल्या गेल्या. पाओ-चूच्या भिंतीतल्या दोन सोंगट्या घरंगळल्या. चिन-फंगने त्या न बोलता उचलून लावल्या. पूर्वी म्हणाली असती, "हात आहेत का वल्ही?"

या गल्लीत पाओ-चूचा अंगठा प्रसिद्ध होता. भिंतीतून सोंगटी उचलायची आणि वळवून बघायच्या आधीच अंगठा तिच्या कोरलेल्या पोटावरून फिरवायचा. बांबू, गोळे, अक्षरं, वारे, सगळं त्या अंगठ्याला वाचता यायचं. उचलली, चाचपली, न बघता फाटकन टेबलावर आपटली, "हू!", म्हणजे जिंकली, डाव संपला. बघून खेळतात ती नवशिकी. चिन-फंग तर म्हणायची, हिच्या अंगठ्याला डोळा आहे, मेली रात्री झोपताना तो डोळा मिटते की नाही कोण जाणे.

तो डोळा औषधाने घालवला होता. तिसऱ्या केमोनंतर बोटांची टोकं आधी मुंग्यांनी भरली, मग बधिर झाली. तरुण डॉक्टर म्हणाला, होतं असं, जाईल हळूहळू. सहा महिने, कदाचित वर्ष, कुणाकुणाचं राहतंही. मग तो संगणकाकडे वळून आनंदाने म्हणाला की रिपोर्ट उत्तम आहेत. शेवटच्या दिवशी नर्सने तिच्याकडून उपचार संपल्याची घंटा वाजवून घेतली होती. सोबत आलेल्या या तिघींसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. औषध चालू असताना चिन-फंग दर आठवड्याला माशाचं सूप आणून द्यायची. घंटा वाजली आणि सूप थांबलं. मुलगाही फोनवर म्हणाला, "आई, संपलं ना आता सगळं!" आनंदाने म्हणाला.

चार दिशांचे चार फेरे, पहिला पूर्वेचा. पाओ-चूने एक युक्ती काढली होती. सोंगटी उचलायची, अंगठा फिरवल्यासारखं करायचं आणि चष्मा सारखा करण्याच्या निमित्ताने हळूच बघून घ्यायचं. युक्ती चालली. एवढंच नव्हे, ती जिंकायलाही लागली. दुसरा डाव जिंकली, चौथा जिंकली. दक्षिणेच्या फेऱ्यात लागोपाठ दोन. तिच्यापुढे प्लास्टिकच्या चकत्यांचा ढीग साचला.

"आजारपणात कुणाकडे शिकवणी लावलीस का?" लि-युन म्हणाली.

पाओ-चूच्या छातीत किती दिवसांनी काहीतरी हललं. तिने चहाचा मोठा घोट घेतला. चहा लोखंडासारखा लागला, आताशा सगळंच तसं लागायचं, पण तिने चेहऱ्यावर दाखवलं नाही. ती सुखात होती.

पश्चिमेच्या फेऱ्यात तिने बांबूच्या दोन तिकड्या सगळ्यांसमोर उघड्या मांडल्या. आता हिला बांबूच हवाय हे पाळण्यातल्या पोरालाही कळलं असतं. आ-हाओ ताईंनी सोंगटी उचलली, बघितली, आणि शांतपणे बांबूची पंजी तिच्यापुढे टाकली.

"हू," पाओ-चू म्हणाली.

आ-हाओ ताई! नववर्षाच्या दिवशी ज्यांनी स्वतःच्या सासूला हवी असलेली सोंगटी डाव संपेपर्यंत हातात दाबून ठेवली होती, त्या आ-हाओ ताई? पाओ-चूने मान वर केली. चिन-फंग आणि लि-युन यांची नजरानजर झाली आणि लगेच सुटली. मग तिला मागचे डाव आठवले. लि-युनने टाकलेली हिरवी सोंगटी, चिन-फंगने मोडलेली जमलेली तिकडी. त्या तिला जिंकवत होत्या. आजाऱ्याच्या उशाशी फळं ठेवतात तशा सोंगट्या ठेवत होत्या.

तिला राग आला. कुणावर आला हे तिला नीट सांगता आलं नसतं, पण कानशिलं तापली. तिने समोरच्या चकत्या पालथ्या हाताने बाजूला सारल्या. पुढचा डाव मी माझ्या हाताने जिंकणार, ती मनाशी म्हणाली. माझ्या अंगठ्याने.

पुढचा डाव तिला चांगला आला. हळूहळू सगळं जमलं, फक्त कोरी सोंगटी यायची राहिली. कोरीच्या पोटावर काहीच कोरलेलं नसतं, गुळगुळीत. ती ओळखायला तर आंधळ्यालाही जड जात नाही. पाओ-चूने तीन वेळा उचललेली सोंगटी चष्म्याच्या निमित्ताने बघितली आणि टाकून दिली. चौथ्या वेळी तिने चष्म्याला हात लावला नाही. अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. खाच नाही, रेघ नाही. गुळगुळीत.

"हू!" तिने सोंगटी फाटकन टेबलावर उताणी आपटली, अगदी पूर्वीसारखी.

तिघींच्या नजरा टेबलावर खिळल्या. पाओ-चूने खाली बघितलं. टेबलावर अक्षरांची अठ्ठी पडली होती, लाल-काळी, नखाएवढी खोल कोरलेली.

खोटं हू. या टेबलावर याहून मोठी नाचक्की नाही. चुकली तिने बाकी तिघींनाही दंड द्यायचा, वर महिनाभर टोमणे खायचे. लि-युनने एकदा केलं होतं तेव्हा चिन-फंगने खालच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं.

"अगं, हातातून सटकली!" चिन-फंग घाईघाईने सोंगट्या विसकटायला लागली. "सटकली ना? सटकलीच. चला, हा डाव कुणाचाच नाही. लि-युन, घुसळ."

"सटकली नाही," पाओ-चू म्हणाली. "मी हू म्हटलं. दंड घ्या."

"वेडी का खुळी तू? आजारी माणसाकडून कुणी दंड घेतं का?" लि-युन बोलून गेली.

"मी आजारी नाहीये. घंटा वाजवली तेव्हा टाळ्या तुम्हीच वाजवल्यात ना?"

"म्हणूनच सांगतेय ना," लि-युन गडबडली. "आता बरी झालीस, पण दमलेली आहेस..."

"बोटांना काही कळत नाही मला." पाओ-चूने दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखं अजून करडी होती. "केमो संपली, हे राहिलं. सुई टोचली तर रक्त बघून कळतं. पायातली चप्पल गळून पडली तरी पत्ता नसतो. ही अठ्ठी मला कोरी लागली. मला सगळ्याच कोऱ्या लागतात."

"मग सांगायचंस नाही का?" चिन-फंगचा आवाज चिरकला. "मी काय परकी आहे?"

"विचारलंस कधी?"

चिन-फंग उठून उगाच चहाच्या किटलीचं झाकण उघडून बघायला लागली. लि-युन म्हणाली, "आज थांबूया का? उरलेला फेरा पुन्हा कधीतरी..."

"फेरा अर्ध्यात टाकून कोण उठतं?" पाओ-चू म्हणाली. "उत्तरेचा राहिलाय. पण आधी दंड घ्या." तिने चकत्यांचे तीन ढीग केले. एक चकती खाली पडली, ती तिने वाकून, बघून उचलली.

आ-हाओ ताईंनी चष्मा पुसला, घातला आणि आपल्या वाट्याचा ढीग ओढून घेतला. चकत्या नीट मोजल्या.

"एक कमी आहे," त्या म्हणाल्या.

पाओ-चूने आणखी एक दिली.

"हं. आणि मघाचा बांबू मी मुद्दाम टाकला होता. म्हातारपणी बुद्धी फिरली माझी. आता मेलीस तरी एक सोंगटी देणार नाही."

"ठाऊक आहे."

"मग रच भिंत. तोंड काय बघतेस?"

आणि उत्तरेचा फेरा सुरू झाला. पाओ-चूने अंगठ्याचं नाटक सोडून दिलं. सोंगटी उचलायची, सगळ्यांदेखत वळवायची, डोळ्यांसमोर धरायची, आणि मग ठरवायचं. नवशिक्या पोरीसारखी. कुणी हसलं नाही. कुणी तिला काही दिलंही नाही. चिन-फंगने तिला हवी असलेली लाल सोंगटी शेवटपर्यंत दाबून ठेवली आणि नंतर दात काढून दाखवली. पाओ-चू हरत गेली. एकेक चकती जात होती आणि तिच्या मानेवरचं ओझं कमी होत होतं. शेवटच्या डावात तिने टाकलेल्या गोळ्यांच्या दुरीवर आ-हाओ ताई खुर्चीतून उठून ओरडल्या, "हू! डोळे फाडून बघितलीस आणि तरी मलाच आणून दिलीस? आंधळी असतीस तर वाचली असतीस!"

पाओ-चू इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. असं बोलणं कुणी तिला वर्षभर ऐकवलं नव्हतं. सगळे तिच्याशी हळू बोलत होते.

पण हसू ओसरल्यावर तिने बाकीही बघितलं. बाहेर दिवे लागले होते. एरवी चारही फेरे पाचाच्या आत उरकायचे. लि-युनने दोनदा जांभई दाबली होती. चिन-फंग मध्येच खाली जाऊन दुकान बंद करून आली होती. तिच्या प्रत्येक सोंगटीसाठी तिघी जणी थांबून राहिल्या होत्या. कुरकुर न करता, पण थांबून. हुई-मिनचा हात भराभर चालत असणार.

"शेवया टाकते, जेवूनच जा सगळ्या," चिन-फंग म्हणाली.

"मला नको. चव नाही लागत," पाओ-चू म्हणाली आणि उठली. उशी तिने खुर्चीवर सरळ करून ठेवली. दारापाशी चपला घालताना ती वाकलेलीच म्हणाली, "पुढच्या बुधवारी हुई-मिन येईल ना?"

"येईल बहुतेक."

"तिला बसू दे. तिघी असाल आणि चौथी नसेल, तेव्हा हाक मारा मला."

ती चपलेत पाय घालत राहिली, लागला त्याहून थोडा जास्तच वेळ. कुणीतरी 'असं कसं गं' म्हणेल, 'पाळीपाळीने बसू' म्हणेल, असं तिला वाटलं होतं. फार वाटलं होतं. आ-हाओ ताई खिशात रुमाल शोधत होत्या. लि-युन खिडकीतून पाऊस किती आहे ते बघत होती.

"हो तर! नक्की मारू," चिन-फंग म्हणाली, जरा जास्तच पटकन. मग धावत स्वयंपाकघरात गेली आणि सुपाचा डबा घेऊन आली. पाओ-चूने डबा घेतला. तिला वाईट वाटलं, आणि डबा गरम होता की नाही हेही तिला कळलं नाही.

खाली बोळात पाऊस बारीक पडत होता. बंद दुकानाच्या फळीला टेकून ती उभी राहिली. वरून सोंगट्यांचा आवाज येत होता. तिघींत काही डाव होत नाही, त्या आवरत होत्या. एकेक ओळ पेटीत बसत होती, टक, टक. अधूनमधून आ-हाओ ताईंचा चढा आवाज आणि हसणं. शेवटी पेटीचं झाकण मिटल्याचा आवाज आला. पाओ-चूने छत्री दिव्याच्या उजेडात धरली, तिचं बटण डोळ्यांनी शोधून दाबलं, आणि पायाखाली बघत ती घराकडे निघाली.