अंगावर घेणारे मासे

खुन-याओनं घरात समुद्र आणायचं ठरवलं तेव्हा त्याच्या आईनं एवढंच विचारलं, "वर्षानुवर्षं समुद्रात राहून पोट भरलं नाही का तुझं?"

म्हातारीचं काही चुकत नव्हतं. खुन-याओ टूना पकडणाऱ्या लांब पल्ल्याच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. एकदा गेला की दोन-दोन वर्षं तोंड दिसायचं नाही, आणि आला की छ्येनचेन बंदरामागच्या या अरुंद, उंच घरात जावयासारखा राहायचा. हलवाई सुट्टीच्या दिवशी जिलब्या तळत बसत नाही. हा मात्र बोटीवरून उतरला आणि टेप घेऊन तळमजल्याची भिंत मोजत सुटला.

"तिथे समुद्र नसतो, आई," तो म्हणाला. "तिथे बोटीचं पोट असतं. मी पोरवयापासून इंजिन बघतोय. समुद्राच्या पोटात काय असतं ते मी टीव्हीवर पाहिलंय, तुझ्याच शेजारी बसून."

सू-यिंगला, त्याच्या बायकोला, आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. इतकी वर्षं ती समजत होती की नवरा रोज निळं पाणी बघतो म्हणून घरी आल्यावर गप्प असतो. तो काहीच बघत नव्हता.

सासूबाईंची एक अट होती. देव्हारा सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि देवांच्या पायाखाली पाणी नको. त्या स्वतः वर चढल्या, जिन्याच्या पोकळीतून दोरीला कुलूप बांधून खाली सोडलं, आणि कुलूप जिथे टेकलं तिथून माशांच्या टाकीची जागा पुरती बाजूला सरकवायला लावली. खुन-याओला पुन्हा सगळं मोजावं लागलं. फरशी, कोनाडा, विजेचे प्लग. तो चिडला नाही. आईच्या दोरीपुढे इंजिनिअरचं काही चालत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

टाकी आली तेव्हा गल्ली अडली. आडवा माणूस आरामात झोपेल एवढी काच, आणि ती उचलणारे हमाल एकमेकांच्या आया-बहिणींचा उद्धार करत होते. मोठ्या टाकीखाली कपाट, कपाटात दुसरी लहान टाकी. वरचं पाणी खाली पडायचं, खाली गाळलं जायचं, फेसाबरोबर घाण निघायची, आणि पंप ते परत वर चढवायचा. काओश्युंग शहराच्या उकाड्यात पाणी तापू नये म्हणून ते थंड करायचं यंत्र वेगळं. नळाचं पाणी चालत नाही, ते गाळून, पिंपात मीठ ढवळून ओतायचं. मग वाळू, मग दगड. खुन-याओ एकेक दगड हातात फिरवून बघायचा, लावायचा, लांब जाऊन बघायचा, पुन्हा काढायचा. सुनेसाठी साडी निवडताना सासू घालवत नसेल एवढा वेळ त्यानं दगडांत घालवला.

आणि मग काहीच नाही. नुसतं पाणी आणि दगड. शेजारच्या लिआओ काकू रोज दारातून डोकावायच्या.

"एवढा थाट केलात, आणि पाळलेत काय, दगड?"

"दगडच पाळायचे असतात, काकू. मासे काय, नंतरचे भाडेकरू," खुन-याओ म्हणाला.

"मग भाडं कधी सुरू?"

"पाणी मुरू दे."

पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं. दगडांत डोळ्यांना न दिसणारा जीव धरतो, तो घाण खातो, आणि तो धरल्याशिवाय मासा सोडला तर मासा मरतो. घाई करणाऱ्याचं इथे काही खरं नाही. पण खुन-याओला बोट घाई करायला लावत होती. पाणी अर्धवट मुरलं होतं आणि निघायचा दिवस आला. मग त्यानं बायकोला शिकवलं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. हात घालण्यापूर्वी साबण नाही, फक्त पाणी. अंगठी काढायची. "धातू नको. तांबं तर मुळीच नाही. माशाला एकवेळ चालेल, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ, सगळं जाईल. आणि पाण्यात उडेल असा कुठलाही औषधाचा फवारा मारायचा नाही. झुरळ दिसलं तर चपलेनं मार."

"आणखी काही?"

"मी येईपर्यंत जिवंत ठेव."

आईला यातलं काही सांगायचं त्याला सुचलं नाही. आई टाकीच्या जवळ फिरकतच नव्हती.

तो गेला. पाणी मुरलं. सू-यिंगनं आधी गोगलगायी सोडल्या, मग पांढऱ्या मिशांच्या कोळंब्या, मग म्हाताऱ्या फानच्या दुकानातून एक पिवळाधमक मासा, आणि मागोमाग प्रवाळाचे लहान लहान तुकडे दगडांना चिकटवले. अंगठ्याएवढे तुकडे, पण दिवे लागले की त्यांतून बारीक बोटं बाहेर यायची आणि पाण्यात हलायची. पिवळा मासा तिचा हात ओळखायला लागला. बोटीवरून उपग्रहाच्या फोनवर कधीमधी खुन-याओचा आवाज यायचा, तुटत तुटत, आणि ती त्याला सगळं सांगायची.

"पिवळा काय म्हणतो?"

"माजलाय. माझ्या हातातून खातो आणि कोळंबीला हाकलतो."

"माझ्यासारखा झालाय."

मागून सासूबाई ओरडायच्या, "गोगलगायींचं काय सांगतेस त्याला, माझा गुडघा दुखतोय ते सांग."

मग फोन यायचे थांबले. आधी कुणाला काही वाटलं नाही, समुद्रावर असं होतं. पण मग बोटीच्या कंपनीतून एक माणूस आला, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले, चहा घेतला नाही, आणि म्हणाला की दक्षिणेकडे हवा फार खराब होती आणि बोटीशी संपर्क होत नाहीये. शोध चालू आहे. तो जाताना इतक्या वेळा वाकला की सू-यिंगच्या पायाखालची जमीन सरकली.

त्यानंतर एका छपराखाली दोन बायका दोन देवांना धरून बसल्या.

सू-यिंगचा देव खालच्या मजल्यावर होता. तिनं मनाशी धरलं की टाकी जिवंत आहे तोवर तो जिवंत आहे. हे वेड आहे हे तिला कळत होतं, म्हणून ती कुणाला बोलली नाही. पण पहाटे उठून ती आधी टाकीशी जायची. प्रवाळाची बोटं हललेली दिसली की तिच्या छातीतला दगड थोडा सरकायचा, आणि मग ती चूल पेटवायची.

सासूबाई माझू देवीच्या देवळात जायच्या. समुद्रावरच्यांची तीच आई. लाकडाच्या दोन चंद्रकोरी फाळी जमिनीवर टाकून कौल मागायचा. एक उताणी, एक पालथी पडली तर होय. दोन्ही पालथ्या तर नाही. "माझा मुलगा आहे का?" त्या रोज विचारायच्या, आणि फाळी रोज दोन्ही उताण्या पडायच्या. म्हणजे देवी नुसती हसते. होयही नाही, नाहीही नाही.

"पोटच्या पोराचं विचारतेय आणि ही हसते," त्या घरी येऊन म्हणाल्या. त्यांनी देवीला असं बोललेलं सू-यिंगनं पहिल्यांदा ऐकलं.

एका दिवशी त्या टाकीसमोर उभ्या राहून माशाकडे बराच वेळ बघत होत्या.

"माझ्या सासऱ्यांकडे हौदात लाल मासे होते," त्या म्हणाल्या. "सासरे आजारी पडले, डॉक्टरनं हात टेकले. एका सकाळी सगळे मासे मेलेले. आणि सासरे उठून पेज मागायला लागले. मासे घरावरचं अंगावर घेतात. जितका लाडका मासा तितकं मोठं संकट घेतो."

"आई, या माशांना काही होऊ देणार नाही मी. जिवंत ठेव म्हणून त्यांनी सांगितलंय."

"मी कुठे म्हटलं होऊ दे?" म्हातारी म्हणाली आणि जिना चढून गेली.

त्यानंतर सगळ्यात आधी कोळंब्या गेल्या. एक वाळूत आडवी, दुसरी दगडाआड. मग गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडल्या आणि पडल्याच. प्रवाळांनी बोटं आत ओढून घेतली ती बाहेर काढेनात, आणि मग त्यांच्या अंगावरचं मांस धुतल्यासारखं निघून आलं, खाली पांढरी हाडं. सू-यिंगनं पिंपामागून पिंपं मीठ ढवळलं, पाणी बदललं, पुन्हा बदललं. फानला फोन केला.

"तांब्याचं काही पडलं का आत?" त्यानं विचारलं.

"नाही हो. मी अंगठीसुद्धा काढते."

"बघ नीट. तांबं दगडात मुरतं. एकदा मुरलं की पाणी कितीही बदल, दगड ते सोडत राहतात. मग प्रवाळ तिथे कधी धरत नाही."

पाणी गढुळलं. मेलेल्यांची घाण झाली, आणि त्या घाणीत पिवळा मासा वर तोंड काढून हवा गिळायला लागला. तो तिच्या हाताशी आला, पण खाल्लं नाही. दुपारी तो आडवा झाला. सू-यिंगनं त्याला ओंजळीत घेतलं आणि फरशीवर बसून मोठ्यानं रडली, नवऱ्याचा फोन थांबल्यापासून रडली नव्हती तेवढी. तिच्या दृष्टीनं सगळं संपलं होतं.

सासूबाई खाली आल्या. ओंजळीत काय आहे ते पाहिलं. आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसून त्यांनी मेलेल्या माशाला हात जोडले.

"घेतलंस बाबा. उपकार झाले."

सू-यिंगला वाटलं, ही बाई माझी कोण? पण त्याच संध्याकाळी कंपनीचा फोन आला. एका मालवाहू जहाजाला तराफा दिसला होता. तराफ्यावर दोन माणसं जिवंत होती. एक इंडोनेशियन खलाशी, एक बोटीवरचा आचारी. खुन-याओ नव्हता. पण आचारी म्हणत होता की आणखी एक तराफा सोडताना त्यानं पाहिला होता. शोध वाढवलाय.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तरुण बाईसारखा झाला होता. "मासे गेले, माणसं आली."

त्यांनी त्या रात्री रताळं घातलेली पेज केली आणि दोन वाट्या खाल्ल्या. कितीतरी दिवसांत त्या पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सू-यिंगनं खालचं कपाट उघडलं. टाकी रिकामी करायची, धुवायची आणि विकायची, असं तिनं ठरवलं होतं. आतल्या लहान टाकीत पंपाच्या मागे हात घातला तर बोटांना दोरा लागला. लाल दोरा, आणि त्यात ओवलेली पाच जुनी नाणी, मधे चौकोनी भोक असलेली. पाच बादशहांची नाणी. लोक उंबऱ्याखाली ठेवतात, दुष्ट वारा आत येऊ नये म्हणून. ही सासूबाईंच्या लग्नातली होती, त्यांच्या उशाखाली असायची. तांब्याची. खाऱ्या पाण्यानं त्यांच्यावर हिरवा लेप चढला होता.

म्हातारीनं कुणाला मारायला ती टाकली नव्हती. मुलगा ज्या समुद्रात हरवला त्या समुद्राला तिनं आपल्याजवळचं सगळ्यात जुनं राखण बांधलं होतं. इतकंच.

सू-यिंग नाणी मुठीत धरून जिना चढायला लागली. प्रत्येक पायरीला तिचा संताप वाढत होता. तिला म्हणायचं होतं, संकट नाही घेतलं कुणी, तुमच्या नाण्यांनी मारलं सगळं, त्यांनी जिवंत ठेवायला दिलेलं तुम्ही मारलंत. वर पोचली तर सासूबाईंनी सणाचा निळा झगा घातला होता आणि त्या देव्हारा पुसत होत्या.

"आलीस का? त्याची गादी उन्हात टाकायला हवी. ओल धरलीय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "दुसऱ्या तराफ्यावर किती जण असतील गं?"

सू-यिंगची मूठ पाठीमागे होती. तिनं तोंड उघडलं. खरं सांगितलं असतं तर मासे फुकट गेले असते, आणि तराफ्यावरची दोन माणसं फक्त दोन माणसं उरली असती. हे म्हातारीपुरतं नव्हतं. पेज ढवळताना, रात्री कूस बदलताना सू-यिंगच्या मनात तेच फिरत होतं: मासे गेले, माणसं आली. आपण शिकलो ते पाण्याचे थेंब आणि रंग, ते सगळं बरोबर असेल. पण ते कुणाला परत आणत नव्हतं.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "टाकते गादी."

खाली येऊन तिनं नाणी होती तिथे, पंपाच्या मागे, परत ठेवली.

फानच्या दुकानात जाताना तिनं छत्रीसुद्धा घेतली नाही, ऊन डोक्यावर होतं.

"सापडलं का कारण?" फाननं विचारलं.

"सापडलं. काढून टाकलं."

"मग आता घाई करू नकोस. एक साधा, चिवट मासा सोडून बघ. जगला तर पुढचं बघू."

"साधा नको, काका. तसाच पिवळा द्या. हातातून खाणारा."

"एवढ्या लवकर जीव लावू नये."

"लावायचाच आहे."

फाननं तिच्याकडे पाहिलं, मग जाळी घेतली. तिच्या नवऱ्याचं त्याला कळलं होतं, म्हणून त्यानं जास्त विचारलं नाही.

घरी येऊन तिनं खुन-याओनं शिकवलं तसंच केलं. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं पाणी बाहेरच्याइतकं कोमट होऊ दिलं, वाटीवाटीनं टाकीचं पाणी पिशवीत घातलं. काही चुकू दिलं नाही. सासूबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. लग्न झाल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "त्याला आवडला असता."

मासा पांढऱ्या पडलेल्या दगडांमधून फिरला. एका भोकात शिरला, बाहेर आला. सू-यिंगनं ओला हात पाण्यात घातला, बोटांत शेवाळाचा तुकडा धरून. मासा घाबरला नाही. सरळ आला, तुकडा ओढून घेतला, आणि आणखी मागायला परत वळला. त्याचा तजेला बघून, हा जगतो की काय, अशी तिला भीती वाटली.