मी लपवलेला धक्का

मित्रांनो, मी एका वेगवान गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. माझं वय सात वर्षं. माणसांत या वयाला दुधाचे दात पडतात, आमच्यात म्हातारपण सुरू होतं. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. त्यासाठी जमिनीला पाठ टेकून गाडीखाली सरकावं लागतं, आणि तसं करणाऱ्यावर घरचे ओरडतात.

कारखान्यात माझ्या पोटात दातेरी चक्रं, क्लचच्या पातळ चकत्या आणि लालभडक तेल भरलं. सोबत एक छोटा संगणक जोडला. वरून चिठ्ठी चिकटवली : 'आयुष्यभराचं तेल. बदलण्याची गरज नाही.' कोणाच्या आयुष्यभराचं, ते लिहायचं राहून गेलं.

माझं काम सांगतो. वळण जवळ आलं की ब्रेक लागतो आणि वरच्या गिअरवरून खालच्या गिअरवर यावं लागतं. खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त जोरात फिरावं लागतं. बागेतल्या फिरत्या चक्रावर चढताना तुम्ही आधी त्याच्याइतकंच जोरात शेजारून धावता ना? न धावता चढणारा तोंडावर आपटतो. तसंच हे. म्हणून गिअर बदलताना, पापणी लवते तेवढ्या वेळात, माझा संगणक इंजिनाला म्हणतो, 'धाव!' इंजिन एक डरकाळी फोडतं, दोघांचे वेग जुळतात, आणि मी अलगद नवा गिअर धरतो. धक्का बसत नाही. कोणाला काहीच कळलं नाही, तर माझं काम उत्तम झालं. असल्या नोकरीत कौतुक कोण करणार?

माझी मालकीण ताई दिवसा दातांची डॉक्टर आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावरच्या शर्यतीत गाडी चालवणारी. तिची आधीची गाडी हाताने गिअर बदलायची होती. तेव्हा वेग जुळवायचं काम तीच करायची : उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाच्या टाचेने ॲक्सिलरेटरला टिचकी. नऊ वर्षं शर्यतीत तिला खरचटलंसुद्धा नाही. मग ती घरात पडदा लावताना स्टुलावरून पडली. उजव्या घोट्यात धातूची एक पट्टी आणि चार स्क्रू बसले. पाय तसा वळेना. म्हणून तिने मला, म्हणजे माझी गाडी, जुनीच विकत घेतली.

तिचा मोठा भाऊ मेकॅनिक. त्याला सगळे दादा म्हणतात. त्याला मी पहिल्या दिवसापासून आवडलो नाही.

"गिअर हाच बदलणार, मग तू आत बसून काय करणार? स्वेटर विणणार?"

"विणेन. तुझ्याच मापाचा," ताई म्हणाली.

शर्यतीच्या समितीने तिला बजावलं होतं : पायाला दुखापत झाली आहे, तेव्हा आधी चाचणी द्या. चढण दोन मिनिटं दहा सेकंदांत पार करा. दोनच संधी. नाही जमलं, तर यादीतून नाव कायमचं बाद.

पहिल्या चाचणीत चौथ्या वळणावर मी चुकलो.

माझं तेल जुनं होऊन जळलं होतं. संगणकाने वेळेवर हाक मारली, इंजिन धावलं, पण माझ्या चकत्यांनी उशिरा पकड घेतली. तोवर इंजिन दमून पुन्हा हळू झालं होतं. दाणकन धक्का बसला, मागची चाकं घसरली आणि गाडी टायरांच्या ढिगात शिरली. ताईला लागलं नाही. लागलं ते दादाच्या बोलण्याने.

"तुझा पाय अजून तयार नाही, बारके."

"हो. ब्रेक कमीजास्त दाबला गेला असेल," ती पायाकडे बघत म्हणाली. "दुसरी चाचणी नको. कळवून टाक त्यांना."

खरं तर महिनाभर मला हे माहीत होतं. हळू चालताना मी कसाबसा सांभाळून घ्यायचो, धक्का लपवायचो. म्हातारा म्हणून मला काढून टाकतील, ही भीती. पण माझी चूक तिच्या पायावर गेली, तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी ठरवलं, आता एकही धक्का लपवायचा नाही. काढलं तर काढू देत.

दुसऱ्या दिवशी दादा गाडी गॅरेजला न्यायला निघाला. वहिनीने वाटेत तीस अंडी आणायला सांगितली होती. त्याने ट्रे शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला. स्वतःचा मात्र लावायला विसरला, तो नंतर लावला.

पहिला सिग्नल. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येताना मी जसा होतो तसा आलो. दोन अंडी फुटली.

दुसरा सिग्नल. पाच.

तिसऱ्या सिग्नलला त्याने फार जपून, अगदी बाळाला झोपवावं तसा ब्रेक दाबला. मी पुन्हा त्याच जागी, तसाच धक्का दिला. आठ.

दादाने गाडी कडेला घेतली आणि पिवळ्या झालेल्या सीटकडे पाहिलं. मग फोन लावला.

"बारके, तुझा पाय चांगला आहे."

"कशावरून?"

"माझा पाय धडधाकट आहे आणि पंधरा अंडी फुटली."

ताई दवाखान्यातून तशीच गॅरेजमध्ये आली. दादाने माझा बोल्ट काढला. लाल तेलाच्या जागी जळक्या वासाचं काळं पाणी गळलं.

"चिठ्ठीवर बदलायची गरज नाही असं लिहिलंय," दादा पुटपुटला. "मी वाचलं आणि सोडून दिलं. पाहायला हवं होतं."

"माझे पेशंटही म्हणतात, दात काय, आयुष्यभराचेच असतात. मग गाल सुजवून येतात." ती दादाकडे वळली. "माझ्या पायाला बोलताना तूही असंच काही न तपासता बोललास."

"चुकलंच माझं." हात पुसत तो म्हणाला, "कळवलं नाही मी समितीला."

नवं तेल, नवा फिल्टर. दुसऱ्या चाचणीत मी चौथ्या वळणाची वाटच पाहत होतो. ताईने ब्रेक दाबला. पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा. तीन हाका, तीन डरकाळ्या. मागची चाकं रस्त्याला चिकटून राहिली.

वर दादा घड्याळ घेऊन उभा होता. दोन मिनिटं सात सेकंद. तरी त्याने आधी विचारलं, "चौथ्या वळणावर कसा वागला?"

ताईने हेल्मेट काढलं. "कोण?"

एवढं मोठं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या आसपास कोणी मुकाट्याने काम करत असेल, तर त्याचं सगळं ठीकच असेल असं धरून चालू नका. यंत्र असेल तर वेळच्या वेळी उघडून बघा. माणसाला उघडता येत नाही. त्याच्याजवळ बसा आणि विचारा.