समुद्राकडे निघालेली ताडपत्रीची बॅग

मित्रांनो, मला बघून 'बिचारी' म्हणू नका. मी जुनी आहे, माझा हिरवा रंग उडालाय, एका कोपऱ्याला ठिगळ आहे. पण मी बिचारी नाही. मी ताडपत्रीची बॅग आहे आणि माझ्या पोटातून एक पाय समुद्रापर्यंत जाऊन आलाय. कसा, ते सांगते.

मी आधी एका मालट्रकवर होते. गेवराईच्या हायवेवरून जाताना मी कापूस झाकला, मोसंबी झाकली, गारपीट अंगावर घेतली. फाटले तेव्हा ट्रकवाल्याने मला गेवराईतल्याच मैनुद्दीनभाईंच्या दुकानात टाकून दिले. मैनुद्दीनभाई ताडपत्र्या आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. तिथे कोपऱ्यात मी पडून होते. एक दिवस तेजश्री आली.

तेजश्री बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवते. शाळेत असताना उसाची ट्रॉली उलटली आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून ती नकली पाय लावून चालते. हे मी तुम्हाला एकदाच सांगते, कारण तिला ते पुन्हा पुन्हा सांगितलेले आवडत नाही.

"ताई, बॅग कसली पायजे?" मैनुद्दीनभाईंनी विचारले.

"लांब. खारं पाणी सोसंल अशी. ओले कपडे ठेवले तरी कुजली न्हाई पायजे."

"आणि ठेवणार काय?"

"एक पाय, एक फिन आणि पाण्यातला चष्मा."

मैनुद्दीनभाईंनी मशीन थांबवली. तेजश्रीने त्यांना समजावून सांगितले. ती मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेला जाणार होती, त्रिंकोमालीच्या समुद्रात डायव्हिंग करायला. रोजच्या पायाच्या सांध्यात वाळू आणि मीठ गेले तर तो खराब होतो. म्हणून किनाऱ्यावर वापरायला जुना पाय सोबत हवा. आणि फिन म्हणजे पोहताना पायात घालायचा, माशाच्या परासारखा रबरी पंखा. तिला एकच लागणार.

"आणि दुसरा?"

"जोडीच मिळती भाई. दुसरा घरी खुंटीला टांगलाय."

दोघेही हसले. मग मैनुद्दीनभाईंनी माझ्यावर खडूने रेघा ओढल्या. तळाला जाळी लावली, म्हणजे पाणी निथळेल. आत पायासाठी मऊ कापडाचा वेगळा कप्पा केला. जाड चेन बसवली. मी पुन्हा कामाची झाले, मित्रांनो! हायवेवरच्या धुळीत ज्या ताडपत्रीला कुणी विचारत नव्हते, तिला परदेशी जायचे होते.

मग तयारी सुरू झाली. तेजश्रीचे गाव वडवणीजवळ आहे. हिवाळाभर ती गावच्या पायऱ्यांच्या विहिरीत पोहायची. मी काठावर असायचे. नकली पाय काढून ती माझ्याजवळ ठेवायची, बसत बसत पायऱ्या उतरायची आणि पाण्यात शिरली की मासोळी व्हायची. वरून जाणारी माणसे थांबून बघायची. बघेनात का! तिच्या आई, विमलबाई, काठावर दोर घेऊन बसायच्या. तोंडाने काही बोलायच्या नाहीत, पण दोर सोडायच्या नाहीत.

डायव्हिंगच्या केंद्राने डॉक्टरांचा दाखला मागितला होता. पहिल्या डॉक्टरांनी फक्त तिच्या पायाकडे पाहिले आणि मान हलवली.

"अहो, पाय नसताना कसलं डायव्हिंग?"

"डॉक्टरसाहेब, पाण्याखाली श्वास पायानं घेत न्हाईत," तेजश्री म्हणाली. "माझे कान बघा, छाती तपासा, हृदय तपासा. त्यात काही निघालं तर मी घरी बसते."

त्यांनी तपासलेच नाही. मग आम्ही एसटीने संभाजीनगरला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कानांचे पडदे पाहिले, फुप्फुसे तपासली, हृदयाचा आलेख काढला, जखमेची जागा नीट दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "तब्येत ठणठणीत आहे. पण सर्दी झाली तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. कान दुखला तर जोर करायचा नाही, वर यायचं. कबूल?"

"कबूल," तेजश्री म्हणाली आणि सही घेऊन बाहेर आली.

हळूहळू माझे पोट भरू लागले. जुना पाय मऊ कप्प्यात बसला. नंबरच्या काचा बसवलेला डायव्हिंगचा चष्मा आला. प्रवाळाला अपाय न करणारे उन्हाचे मलम आले. डासांचे औषध, बोटीत मळमळू नये म्हणून गोळ्या, कातडी सोलवटली तर लावायची पट्टी, अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख. विमा काढताना तिने फोनवर तीनतीनदा विचारले की पाण्याखालच्या अपघाताचाही यात समावेश आहे ना. पासपोर्टची मुदत पाहिली, प्रवासाची ऑनलाइन परवानगी काढली, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आईजवळ ठेवल्या. शेवटच्या डुबकीनंतर लगेच विमानात बसायचे नसते, म्हणून परतीच्या आधीचा पूर्ण दिवस तिने मोकळा ठेवला. बघा मित्रांनो, लोकांना वाटते हट्टी माणसे आंधळेपणाने उडी मारतात. माझ्या तेजश्रीइतकी सावध तयारी मी कुणाची पाहिली नाही.

आणि तेव्हाच आप्पा आडवे आले.

आप्पा म्हणजे तिचे थोरले चुलते. तिचे वडील लवकर गेले, तेव्हापासून घरात आप्पांचा शब्द चालतो. गावातही चालतो, निवडणूक कुणाचीही असो, बैठक आप्पांच्या ओसरीवर बसते. त्यांनी तेजश्रीसाठी स्थळ आणले होते आणि पाहुणे नेमके त्याच आठवड्यात येणार होते.

"तारीख बदल," आप्पा म्हणाले. "एका पायाची पोरगी समुद्रात उड्या मारती म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

"दोन पायांची माणसं काय कमी बुडत्यात का आप्पा?"

"तोंड लई चालतंय तुजं!"

"पाहुण्यांना सांगा, पोरगी डायव्हिंगला गेलीय. तरीबी आले तर परतल्यावर मी भेटंन."

दुसऱ्या दिवशी तेजश्री क्लासला गेली, विमलबाई शेतात गेल्या, आणि आप्पांनी मला उचलले. त्यांच्या ओसरीला लागून खोली आहे. त्या खोलीतल्या लोखंडी कपाटात मला कोंबून त्यांनी कुलूप लावले. "तिच्या भल्यासाठीच करतोय," असे ते स्वतःशीच पुटपुटले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. ट्रॉली उलटली त्या दिवशी तिला दोन्ही हातांवर उचलून पळत सुटले ते आप्पाच होते. त्यांच्या धोतराला लागलेले ते रक्त त्यांच्या मनातून अजून धुतले गेले नव्हते. पण त्यांच्या भीतीपायी मी का कोंडून राहू? आत अंधार होता, डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मी रडले नाही. मला राग आला होता.

दुपारी ओसरीवर माणसे जमली. त्यांचे बोलणे मला आत ऐकू येत होते. तेवढ्यात विमलबाई आल्या. मला उचलून नेताना आप्पांना कुणीतरी पाहिले असणार. थोरल्या दिरासमोर त्या कधी उभ्याही राहिल्या नव्हत्या.

"आप्पा, कपाटाची चावी द्या."

"विमलबाई, आत जावा. नंतर बोलू."

"नंतर न्हाई. माझ्या लेकीचा पाय तुमी कुलपात ठेवलाय."

"पाय? मी तर बॅग ठेवलीय."

"बॅगेतच हाय पाय. उघडून बघितलं का तुमी? त्या दिवशी ट्रॉलीनं एक नेला. हा तिनं स्वतःच्या कमाईनं घेतला. हाबी तुमी ठेवून घेणार का?"

मग चाव्यांचा जुडगा वाजला. आप्पांनी कपाट उघडले. त्यांनी माझी चेन ओढली आणि आत पाहिले. मऊ कापडात गुंडाळलेला तो पाय त्यांनी हाताने चाचपला आणि कप्पा पुन्हा नीट बंद केला.

"मला भ्या वाटतंय, विमलबाई," ते हळूच म्हणाले.

"मलाबी वाटतंय," विमलबाई म्हणाल्या. "तिला वाटतंय का, तेवढं इचारा." आणि मला खांद्याला अडकवून त्या सगळ्यांच्या समोरून उन्हात चालू लागल्या.

आम्ही ठरल्या दिवशी निघालो. विमानतळावर यंत्रात मी सरकले आणि पडद्यावर पाय दिसला, तेव्हा पहारेकऱ्याचे डोळे विस्फारले. "मॅडम, ये क्या है?" तेजश्रीने सलवार जराशी वर केली आणि म्हणाली, "इसका भाई है." पुढच्या रांगेतली माणसेसुद्धा हसली.

त्रिंकोमालीचा समुद्र मी काय वर्णावा! वडवणीकडच्या विहिरींनी तेव्हा तळ गाठला होता आणि इथे मात्र नजर जाईल तिकडे पाणी. बोटीत तेजश्रीने किनाऱ्यावर लावलेला जुना पाय काढून माझ्यात ठेवला, पाठीवर टाकी बांधली, एका पायात फिन घातला आणि शिकवणाऱ्या बाईंबरोबर पाठमोरी पाण्यात कोसळली.

थोड्याच वेळात ती वर आली. पाण्याच्या दाबाने बसलेले कान उघडत नव्हते. नाक दाबून, आवंढा गिळून, सगळे करून झाले होते. बोटीतल्या एका पर्यटक बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाली, "इतना किया, बहुत है." तेजश्रीने तो हात हळूच बाजूला केला.

"बहुत नहीं है," ती म्हणाली. "आज कान नहीं माने. कल फिर पूछूँगी."

मित्रांनो, ती जोर करून खाली गेली असती तर मी तिला शूर म्हटले नसते. ती शहाण्यासारखी वर आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बोटीत बसली. त्या दिवशी कानांनी ऐकले. बुडबुडे लांब गेले, मग दिसेनासे झाले. मी बोटीत तिचा पाय पोटाशी धरून वाट पाहत राहिले. ती वर आली तेव्हा चष्म्याच्या आतही पाणी होते, आणि ते समुद्राचे नव्हते.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. "आई, खाली कुणीच चालत न्हाई गं. मासेबी न्हाई, कासवंबी न्हाई. तिथं लंगडं असं कुणी नसतंच." पलीकडे विमलबाई आधी रडल्या. मग मागून आप्पांचा आवाज आला, "कान कसा हाय इचार तिला!"

पाहुणे आले होते का, असे तुम्ही विचाराल. आले होते. पोरगी समुद्रात आहे असे ऐकून चहा न पिताच उठले. बरे झाले, चहा वाचला.

घरी आल्यावर आठवडाभर माझे कौतुक झाले. गावातल्या बायका मला हात लावून बघून गेल्या. मग नव्या वर्षाचे क्लास सुरू झाले आणि मी माळ्यावर गेले. नेमके मला गोड्या पाण्याने धुवायचे राहून गेले होते. माझ्या चेनला मीठ चढले, गंज आला, तळाच्या जाळीत उंदराने भोक पाडले. परवा तेजश्रीने मला खाली काढले आणि गेवराईला नेले. मैनुद्दीनभाई म्हणाले, "ताई, टाकून द्या. नवी शिवून देतो."

"टाकायची न्हाई भाई. चेन बदला."

आता नवी चेन लागलीय, तिला मेण चोळलेय. पुढच्या मे महिन्यात आम्हाला पुन्हा जायचे आहे. विमलबाईंनीही पासपोर्टसाठी फोटो काढून घेतलाय. त्या समुद्रात उतरणार नाहीत म्हणे, बोटीतच बसतील. बघू.

तर मित्रांनो, माझे एवढे ऐका. वापरून झाल्यावर वस्तू धुवा, सावलीत वाळवा, उसवली तर टाका घाला. एवढी काळजी घेतली की आमचे भागते. पण आमच्या भल्यासाठी म्हणून आम्हाला कपाटात ठेवू नका. वस्तूंना नको आणि माणसांना तर नकोच. आम्ही झिजू, फाटू, कधी खाऱ्या पाण्यात भिजू. ते आमचे आम्ही बघून घेऊ. तुम्ही फक्त दारातून जरा बाजूला व्हा.