कानतुटी राणीचा उजवा कान

शुक्रवारी सकाळी गुरुजी कंपनीत आले, तेव्हा दारातच एक प्लास्टिकचा ट्रे ठेवलेला होता आणि त्यात सगळ्यांचे मोबाईल पालथे पडले होते. रोज "या गुरुजी, आज कुठल्या देशाचं मांजर?" असं विचारणारा दारावरचा माणूस आज नुसता ट्रेकडे बोट दाखवून गप्प बसला. गुरुजींनी आपला जुना, बटणांचा फोन त्यात ठेवला. त्या फोनातून कुणी काही पळवायचं म्हटलं असतं, तर तो बिचारा वाटेतच दमला असता.

गुरुजी पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले होते. दर शनिवारी ते वाचनालयात मुलांना गोष्टी सांगायचे. चित्रं, बाहुल्या, मुखवटे, हाताला लागेल ते कापडी पिशवीत भरून न्यायचे. आणि गेले सहा महिने, मंगळवारी आणि शुक्रवारी, ते इथे येऊन मोठ्या माणसांनाही गोष्टीच सांगत होते. कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. नव्या खेळात मांजरमाणसांचं एक राज्य होतं.

"मॅडम, माणसाला शेपटी चिकटवली की मांजरमाणूस होत नाही," असं गुरुजींनी मालकीणबाईंना पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. मग त्यांनी सगळ्यांना गोल बसवून एकेक मांजर पिशवीतून काढावं तसं काढलं. इजिप्तची मांजरमुखी देवी बास्तेत. बर्फाळ देशातली फ्रेया, जिचा रथ मांजरं ओढतात. म्हातारं झालं की माणसाचं रूप घेऊन घरात वावरणारं जपानी मांजर. आणि शेवटी मांजरावर बसणारी, लेकराबाळांची राखण करणारी षष्ठी.

षष्ठीची गोष्ट कंपनीतल्या चित्रकार मुलीच्या मनाला फार भिडली होती. घरातली धाकटी सून चोरून खाते आणि दर वेळी काळ्या मांजरावर आळ घेते. मांजर बिचारं मार खातं. पण ते असतं देवीचं वाहन. सुनेला मूल झालं, की ते उचलून थेट देवीच्या पायाशी नेऊन ठेवतं. शेवटी सून रडतभेकत जाते, मांजराची क्षमा मागते, तेव्हा कुठे लेकरं परत मिळतात. ही गोष्ट ऐकून त्या मुलीने खेळाची राणी काढली: खोट्या आळापायी लोकांनी जिचा कान तोडला, अशी काळी, देखणी, रागीट मांजरराणी. तोडलेल्या कानाची कल्पना तिची स्वतःची. राणीचं नाव पडलं कानतुटी.

ही चित्रकार एके काळी गुरुजींच्याच वर्गात होती. तेव्हाही तिच्या कानामागे पेन्सिल असायची, आताही असे. सगळे तिला पेन्सिलच म्हणत.

त्या शुक्रवारी मॅडमनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक चित्र दाखवलं. काळ्या पेनने काढलेला मांजरीचा चेहरा, कपाळावर तीन ठिपके, कान तुटलेले, गळ्यात माळा.

"ही आपली कानतुटी," मॅडम म्हणाल्या. "खेळणाऱ्यांच्या चर्चेच्या एका पानावर काल कुणीतरी टाकलीय. नाव नाही, गाव नाही. महिनाभर जी राणी आपण डोळ्यांत तेल घालून लपवली, ती तिकडे फिरतेय. इथून काही बाहेर नेणार नाही, अशी सही आपण सगळ्यांनी केलीय ना?"

सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" पेन्सिल म्हणाली.

"हात सरावाचा आहे," मॅडम म्हणाल्या. "चित्राची वही घरी कोण नेतं? आणि परवा समोरच्या कंपनीतल्या पोरीबरोबर जेवायला कोण गेलं होतं?"

"ती माझी मैत्रीण आहे! आम्ही भाड्याच्या घरांबद्दल बोलत होतो!"

"पाच वाजेपर्यंत काय ते खरं सांग. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

झालं. कचेरीचा रंगच पालटला. कुणी जवळून गेलं की माणसं पडदे झाकू लागली. चहाच्या यंत्रापाशी दोघं बोलत असली, की तिसरा आल्यावर हवामानावर बोलू लागत. आणि खरं सांगायचं तर गुरुजींच्या मनातही पाल चुकचुकली. वर्गात खडू कुणी फेकला हे पाठमोरे असताना ओळखणारा माणूस तो. संशय घ्यायची सवय निवृत्त थोडीच होते!

पहिला संशय कुंभारावर. कुंभार म्हणजे सपाट चित्रावरून कॉम्प्युटरमध्ये चहूबाजूंनी फिरणारी मूर्ती घडवणारा कारागीर. खोली नेहमी बंद, पडद्यावर काळं फडकं. एवढं काय झाकतो हा? मग वाटलं, मॅडमनीच तर नाही ना, फुकटची जाहिरात म्हणून? आणि मग, नको नको म्हणताना, तिसरा विचार आला. पेन्सिल. शाळेत ही दुसऱ्यांच्या वह्यांतही चित्रं काढून द्यायची. कुणी कौतुकाने मागितलं असेल, हिने सहज दिलं असेल...

ते तिच्या टेबलापाशी गेले. ती खणातल्या वस्तू एका खोक्यात भरत होती.

"अगं, एक विचारू?"

"विचारा. आज सगळेच विचारताहेत."

"तू कुणाला... म्हणजे नकळत, भाबडेपणाने..."

पेन्सिलचा हात थांबला. "गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

मास्तर माणसाला काही सुचेनासं झालं की तो वही मागतो. "तुझं पहिलं चित्र दाखव बघू," ते म्हणाले.

तिने वही पुढे आपटली आणि शेजारी ते पेनचं चित्रही छापून ठेवलं. गुरुजींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मुलांना ते दोन चित्रांतले फरक शोधायला लावत, तेव्हा सांगत: आधी डावीकडून खाली उतरा, मग उजवीकडून, घाई करायची नाही. तसेच ते उतरले. ठिपके, तेच. मिशा, त्याच. डावा कान, तुटलेला. उजवा कान...

"अगं," ते म्हणाले, "तुझ्या राणीचा एकच कान तुटलाय."

"मग? कानतुटी आहे ती. एकच तोडला लोकांनी."

"पण या चित्रात दोन्ही तुटलेत."

पेन्सिल वाकून बघू लागली. सकाळपासून तिने त्या चित्राकडे नीट पाहिलंच नव्हतं. आळ आला की माणूस आळ घेणाऱ्यांकडे बघत बसतो. "माझ्या एकाही कागदावर असं नाही," ती सावकाश म्हणाली. वहीची पानं भराभर उलटली. पंधरा राण्या, पंधराही वेळा उजवा कान शाबूत. "ज्याने हे काढलं त्याने माझं चित्र पाहिलेलं नाही. दुसरंच काही पाहिलंय."

"दोन कान तुटलेली राणी इथे कुणापाशी होती?"

"मी कशी सांगू? मूर्ती कुंभार करतो."

गुरुजींना वाटलं, सापडला! ते तरातरा कुंभाराच्या खोलीकडे निघाले आणि दार न वाजवताच आत शिरले. कुंभाराने झटकन फडकं ओढलं.

"आता झाकून काय उपयोग?" गुरुजी म्हणाले. "राणीचे दोन्ही कान कुणी तोडले?"

कुंभार गोंधळला. "मीच. म्हणजे मी नाही, कॉम्प्युटरने. गुरुजी, आम्ही चेहरा अर्धाच घडवतो. एक डोळा, एक गाल, एक कान. दुसरी बाजू यंत्र आरशासारखी उमटवतं. डावा कान तुटका केला की उजवाही आपोआप तुटतो. मग तो मागाहून हाताने नीट करायचा."

"आणि तसा दोन्ही बाजूंनी तुटका चेहरा किती दिवस होता?"

"बुधवार, गुरुवार. मागच्या पंधरवड्यात. शुक्रवारी दुपारी मी उजवा कान दुरुस्त केला. कुणालाच दाखवला नाही, बघा. अर्धवट काम दाखवायची लाज वाटते, म्हणून तर हे फडकं."

"कुणालाच नाही? नीट आठव."

कुंभाराने आठवलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तो गुरुजींकडे बघेना.

"बोल की बाबा."

"त्याच शुक्रवारी सकाळी तुम्ही आला होतात, गुरुजी. शनिवारी मुलांना मांजरांच्या गोष्टी सांगायच्यात, मुखवटा करायला एखादा मांजरीचा चेहरा दे म्हणालात. मी होता तोच जाड कागदावर छापून दिला. तेरा प्रती, बारा मुलांना आणि एक तुम्हाला."

गुरुजी समोरच्या खुर्चीवर बसले.

त्यांना मुखवट्यांवर वाकलेली मुलांची ती बारा डोकी आठवली, डोळ्यांच्या जागी भोकं पाडणारी, कानाच्या कडेने कातर फिरवणारी. मुलं मुखवटे लावून घरी गेली होती. कुणाच्या तरी घरी मोठी बहीण असेल, मामा असेल, चांगला हात असलेला, खेळांचं वेड असलेला; त्याने मुखवटा पाहून हौसेने चित्र काढलं, स्वतःच्या मनाने माळा घातल्या आणि दिलं टाकून. चेहरा मांजरीचा आहे एवढंच गुरुजींनी तेव्हा पाहिलं होतं. कागदाला मुखवटा म्हटलं, की ते कंपनीचं काम आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तू सकाळी का बोलला नाहीस?"

"मला आता तुम्ही विचारल्यावर सुचलं," कुंभार म्हणाला. "मुलांच्या खेळण्यावर कोण संशय घेणार?"

पावणेपाच झाले होते. गुरुजी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ती तुमची विद्यार्थिनी आहे, गुरुजी. तिला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय. मला शाळकरी समजू नका."

म्हणजे खरं बोलायचं धाडस केलं, तर तेही कुणी खरं मानेना! गुरुजींनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. गोंदाची बाटली, बोथट कातर, दोऱ्याची गुंडी, आणि सर्वांत खाली दुमडलेला एक मुखवटा. मुलांना दाखवायला त्यांनी स्वतःसाठी कापलेला. त्यांनी तो उलगडला आणि चेहऱ्यावर धरला.

"उजवा कान बघा, मॅडम," मुखवट्याच्या आतून आवाज आला. "मागच्या पंधरवड्यातल्या शुक्रवारी दुपारनंतर असा कान या इमारतीत उरलेला नाही. कुंभाराला बोलवा हवं तर."

मॅडमनी पाहिलं. पडद्यावरचं चित्र जवळ ओढून पुन्हा पाहिलं. मग कुंभाराला बोलावलं. मग टेबलावर आडवी पडलेली गोंदाची बाटली उचलून उभी केली.

"सही तुमचीही आहे, गुरुजी."

"आहे."

"मंगळवारपासून..."

"समजलं," गुरुजी म्हणाले. गळ्यातलं प्रवेशपत्र काढून त्यांनी मुखवट्याशेजारी ठेवलं. "तिला मात्र तुम्ही स्वतः जाऊन सांगा. सकाळी सगळ्यांसमोर बोललात, तेव्हा आताही सगळ्यांसमोर. आळ घेणाऱ्याला मांजराकडे चालत जावं लागतं. गोष्ट तशीच आहे."

मॅडम उठल्या. मोठ्या खोलीत त्या काय बोलल्या ते काचेआडून ऐकू आलं नाही. पण माना पुन्हा एकदा पेन्सिलकडे वळलेल्या दिसल्या, आणि या वेळी त्या लगेच खालीही गेल्या.

गुरुजी दारापाशी ट्रेमधून आपला फोन शोधत होते, तेव्हा ती मागून आली. खोकं नव्हतं.

"मॅडमनी माफी मागितली," ती म्हणाली.

"बरं झालं. आता माझी राहिली."

"मुखवट्याची नको. ती चूक झाली." तिचा स्वर तुटक होता. "पण तुम्ही मला विचारलंत ना, नकळत वगैरे... शाळेत माझ्यावर कुणी खोटा आळ घेतला तर तुम्ही आधी माझी वही बघायचात. आज आधी विचारलंत आणि मग वही मागितलीत."

गुरुजींनी मान खाली घातली. पस्तीस वर्षांत त्यांना इतक्या थोड्या शब्दांत कुणी शिकवलं नव्हतं.

"चुकलो, बाळ," ते म्हणाले.

कानामागची पेन्सिल काढून तिने मॅडमना विचारून आणलेला मुखवटा दारावरच्या माणसाच्या टेबलावर पसरला, उजव्या कानाचं तुटकं टोक चार रेघांनी भरून काढलं आणि मुखवटा गुरुजींच्या पिशवीत सरकवला.

"उद्या शनिवार आहे," ती म्हणाली. "बाराही जणांना सांगा, राणीचा एकच कान तुटला होता. आणि तोडला कुणी, तेही सांगा."

"सांगेन," गुरुजी म्हणाले. "पहिल्यांदा तेच सांगेन."